टोलेडो : एका दिवसाची सहल आणि भाषांतराची मधली पायरी

(द्वितीय वर्ष, कला)

युरोपच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला की 'प्रबोधन' हा शब्द आपल्याला पहिल्याच प्रकरणात भेटतो. ग्रीकांचे विसरलेले ज्ञान युरोपला पुन्हा सापडले आणि नव्या युगाचा आरंभ झाला, असे एका वाक्यात सांगून पाठ्यपुस्तक पुढे जाते. परंतु हे ज्ञान सापडले कुठे? ते कोणी जपून ठेवले होते आणि कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत कसे नेले? या प्रश्नांच्या उत्तराचा एक मोठा भाग स्पेनमधील टोलेडो या शहरात आहे.

माद्रिदला जाणारे अनेक प्रवासी एका दिवसात टोलेडो पाहून परत येतात. आमच्यापैकी कोणी स्पेन पाहिलेला नाही. तथापि आम्ही चौघी मैत्रिणींनी ग्रंथालयाच्या मोठ्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला आणि सकाळी निघून संध्याकाळी परतायचे, अशी एक कागदावरची सहल आखली. प्रत्येकीने दोन-तीन ठिकाणे वाटून घेतली. ठिकाण नुसते दाखवायचे नाही, ते का पाहायचे हे वाचून सांगायचे, अशी अट होती. प्रस्तुत लेख त्या सहलीतून तयार झाला आहे. ठिकाणे वेगवेगळी असली तरी शेवटी आमची चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिली. तो मुद्दा म्हणजे ज्ञान आणि लोकांची बोली यांचा संबंध.

पूल आणि बाजार

टोलेडो माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. आतोचा स्थानकातून जलद गाडी पकडली तर अर्ध्या तासात आपण तेथे पोचतो. शहर एका खडकाळ टेकडीवर वसले आहे आणि टेगस नदीने (स्पॅनिश नाव ताहो) त्याला तिन्ही बाजूंनी वेढा घातला आहे. लहान, पण जागेमुळे बळकट असे हे गाव असल्याची नोंद रोमन इतिहासकार लिव्ही याने केली आहे. नकाशावरची नदीची ती कमान पाहिली की राज्यकर्त्यांना हे शहर का हवेसे वाटले हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्थानकावरून शहरात जाताना आल्कांतारा पूल लागतो. मूळ पूल रोमनांचा. त्याचे नाव मात्र अरबी आहे. 'अल्-कंतरा' म्हणजेच पूल. म्हणजे 'आल्कांतारा पूल' म्हणताना आपण 'पूल पूल' असेच म्हणतो! पूल ओलांडून वर चढले की सोकोदोव्हेर हा मुख्य चौक येतो. हे नावही अरबी 'सूक अद्-दवाब' यावरून आले आहे. त्याचा अर्थ जनावरांचा बाजार. आमच्या तालुक्याच्या गावीही गुरांचा बाजार भरतो. इतक्या भारदस्त नावाच्या पोटात आपल्या ओळखीचा बाजार निघालेला पाहून आम्हाला फार मौज वाटली.

ही नावे म्हणजे शहराच्या इतिहासाचे थरच होत. रोमनांनंतर व्हिसिगॉथ आले. सहाव्या शतकात त्यांनी येथे राजधानी केली आणि ५८९ साली येथील धर्मपरिषदेत त्यांच्या राजाने कॅथलिक पंथ स्वीकारल्याचे जाहीर झाले. ७११ साली मुसलमानी फौजा स्पेनमध्ये उतरल्यावर लवकरच टोलेडो त्यांच्या हाती गेले आणि 'तुलैतुला' झाले. पुढे १०८५ च्या मे महिन्यात सहाव्या आल्फोन्सो या ख्रिस्ती राजाने ते घेतले. ही घटना या लेखाच्या दृष्टीने कळीची आहे. दीर्घ दबावानंतर शहर तहाने स्वाधीन झाले, ते बेचिराख झाले नाही. त्यामुळे अरबी ग्रंथ राहिले आणि ते वाचणारी माणसेही राहिली. मुसलमान, ज्यू आणि अरबी बोलणारे ख्रिस्ती (त्यांना मोझाराब म्हणत) एकाच शहरात नांदत होते.

विटांतली अक्षरे आणि एक काझी

सकाळच्या वेळात पाहण्याजोगी वास्तू म्हणजे आज 'क्रिस्तो दे ला लुस' या नावाने ओळखली जाणारी छोटी मशीद. ती इ. स. ९९९ मध्ये बांधली. आतून ती आपल्या एखाद्या मोठ्या खोलीएवढीच आहे. परंतु तिच्या छताचे नऊ भाग असून नऊही कमानींची रचना निरनिराळी आहे. आतल्या खांबांचे माथे जुन्या व्हिसिगॉथ इमारतींतून आणून बसवलेले आहेत. दर्शनी भिंतीवर विटांच्याच मांडणीतून कूफी लिपीत मजकूर लिहिला असून त्यात बांधवून घेणाऱ्याचे, बांधणाऱ्याचे व वर्षाचे नाव येते. बाराव्या शतकात हिचे चर्च झाले, पण विटांतली अरबी अक्षरे कोणी काढली नाहीत.

याच अरबी टोलेडोत साइद अल्-अंदलुसी नावाचा काझी होऊन गेला. १०६८ साली त्याने जगातील निरनिराळ्या राष्ट्रांनी शास्त्रांत काय भर घातली याचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला. विद्येची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांच्या यादीत त्याने पहिले स्थान कोणाला द्यावे? हिंदुस्थानला! भारतीयांची अंकपद्धती, त्यांचे ज्योतिषविषयक सिद्धान्तग्रंथ, बुद्धिबळाचा खेळ आणि 'कलीला व दिम्ना' हे कथांचे पुस्तक यांचा तो आवर्जून उल्लेख करतो. देश फार दूर असल्याने तेथील थोडेच ग्रंथ आमच्यापर्यंत पोचले, असेही तो सांगतो. अमुक देशातल्या लोकांनी हे शोधून काढले असे परधर्मीयांबद्दल मोकळेपणाने लिहिणारा न्यायाधीश या शहरात होता, ही गोष्ट पुढचे सारे समजण्यासाठी लक्षात ठेवली पाहिजे.

दोन माणसे आणि एक ग्रंथ

येथून पुढे गेले की शहराचे भव्य कॅथीड्रल लागते. त्याचे काम १२२६ च्या सुमारास सुरू झाले आणि पुरे व्हायला पंधरावे शतक संपत आले. ज्या जागी ते उभे आहे तेथे पूर्वी शहराची मुख्य मशीद होती. प्रवासी येथील कोरीव काम आणि चित्रे पाहण्यात तासन्तास घालवतात. आम्ही मात्र आजचे कॅथीड्रल बांधण्याच्याही आधी येथील धर्मपीठाच्या आश्रयाने जे काम झाले त्याच्याकडे वळलो.

बाराव्या शतकात टोलेडोच्या आर्चबिशपांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याच्या कामाला आश्रय दिला. यालाच 'टोलेडोचे भाषांतर विद्यालय' असे म्हणतात. हे नाव पुढच्या काळातील अभ्यासकांनी दिलेले आहे. प्रत्यक्षात इमारत, वर्ग आणि हजेरीपट असे काही नव्हते. धर्मपीठाशी निगडित विद्वान, त्यांचे सहकारी आणि हस्तलिखिते असा तो मेळा होता.

काम चालायचे कसे? याचे उत्तर एका अर्पणपत्रिकेत मिळते. इब्न सीनाच्या ग्रंथातील आत्म्याविषयीचा भाग लॅटिनमध्ये आणून तो टोलेडोच्या आर्चबिशपला अर्पण करताना इब्न दाऊद नावाच्या ज्यू पंडिताने कार्यपद्धती सांगून ठेवली आहे. अरबी वाचून एकेक शब्द तो लोकांच्या बोलीत सांगे आणि शेजारी बसलेला आर्चडीकन गुंदिसाल्वो तो ऐकून लॅटिनमध्ये लिहून काढी. म्हणजे अरबी आणि लॅटिन या दोन ग्रंथभाषांच्या मध्ये एक तिसरी भाषा होती. बाजारात भाजी घेताना आणि घरात मुलांना हाक मारताना वापरली जाणारी ती कॅस्टिलियन बोली. त्या काळात शास्त्रीय ग्रंथ लिहिण्यास ती लायक समजली जात नव्हती. तरीही अर्थ एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायचा तो तिच्यातूनच!

सर्वच भाषांतरकार असे परावलंबी नव्हते. इटलीतील क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलग्रंथाच्या शोधात टोलेडोला आला, तेथे अरबी शिकला आणि ११८७ साली मृत्यू येईपर्यंत भाषांतरे करत राहिला. त्याच्या पश्चात शिष्यांनी केलेल्या यादीत सत्तरच्या आसपास ग्रंथ आहेत. त्यात अल्-ख्वारिझ्मीचे बीजगणित आहे आणि इब्न सीनाचा वैद्यकावरचा महाग्रंथही आहे. परंतु त्या जेरार्डलाही 'अल्माजेस्ट'च्या वेळी गालिब नावाच्या एका मोझाराबाचे साहाय्य होते, असे टोलेडोला येऊन गेलेल्या मॉर्लीच्या डॅनियल या इंग्रज विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. पॅरिसच्या गुरूंकडे मन न रमल्याने तो डॅनियल टोलेडोला आला होता. जेरार्डचे नाव सर्व ग्रंथांत आहे. गालिबचे नाव मात्र एका विद्यार्थ्याने लिहिले म्हणून आपल्याला कळते. एरवी ते कोणाला ठाऊक झाले असते?

या देवघेवीत चुकाही होत, आणि त्यांतली एक आपल्या फार जवळची आहे. त्रिकोणमितीतील 'ज्या' हा संस्कृत शब्द, 'जीवा' या रूपातून, अरबीत नुसता उच्चाराने गेला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे तो पुढे 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा. हिंदीतल्या 'जेब' शब्दाचे मूळ तेच. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी या शब्दाचे इमानेइतबारे भाषांतर केले आणि 'सायनस' असा शब्द योजला. आज शाळेत आपण जो 'साइन' शिकतो तो हाच. म्हणजे धनुष्याची दोरी निघाली आणि खिसा होऊन परत आली! तथापि शब्द चुकला तरी गणित चुकले नाही, हेही ध्यानात घ्यावे. अल्-ख्वारिझ्मीच्या नावाचा लॅटिन उच्चार होता होता 'आल्गोरिदम' हा शब्द तयार झाला. त्याच्या ज्या पुस्तकातून तो रुळला त्याचा विषय होता भारतीय अंकांनी करावयाचे हिशेब.

बोली कागदावर आली

दुपारी सांतो तोमे या चर्चमध्ये एल ग्रेकोचे 'काउंट ऑर्गाझचे दफन' हे प्रचंड चित्र पाहण्याचा बेत होता. हा चित्रकार क्रीट बेटावरचा. १५७७ साली तो टोलेडोला आला आणि १६१४ मध्ये तेथेच वारला. इतकी वर्षे स्पेनमध्ये काढूनही चित्रावर सही मात्र तो ग्रीक अक्षरांत करी, एवढीच गोष्ट येथे नोंदवते. टोलेडोची प्रसिद्ध बदामाची मिठाई, म्हणजे मार्झिपान, कागदावरच्या सहलीत खाता येत नाही. त्यामुळे तो विषय लवकरच संपला.

आता पुन्हा मूळ विषयाकडे वळू. १२२१ साली टोलेडोत एक राजपुत्र जन्मला. तोच पुढे दहावा आल्फोन्सो म्हणून १२५२ ते १२८४ पर्यंत कॅस्टिलच्या गादीवर होता. लोक त्याला 'विद्वान राजा' म्हणत. त्याच्या पदरी ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान पंडित होते. येहुदा बेन मोशे आणि इसहाक बेन सिद या दोन ज्यू ज्योतिर्विदांनी त्याच्यासाठी ग्रहगणिताची कोष्टके तयार केली. ही 'आल्फोन्सीय कोष्टके' युरोपात पुढे जवळजवळ तीन शतके वापरात राहिली. कोपर्निकसच्या संग्रहीही त्यांची छापील प्रत होती.

परंतु या राजाचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. पूर्वी अरबीतून बोलीत आणि बोलीतून लॅटिनमध्ये अशा दोन पायऱ्या होत्या. त्यांतली मधली पायरी बोलली जाई आणि हवेत विरून जाई. आल्फोन्सोने तीच पायरी कागदावर उतरवून घेतली. खगोलशास्त्र, कायदा, इतिहास, रत्नांचे गुणधर्म, बुद्धिबळ अशा कितीतरी विषयांवर कॅस्टिलियनमध्ये ग्रंथ तयार झाले. आज कोट्यवधी लोक जी स्पॅनिश भाषा बोलतात तिच्या गद्याचा पाया या कामाने घातला. ज्या बोलीत 'हे शास्त्र बसायचे नाही' असे पंडित समजत होते तिच्यात ते शंभर वर्षे तोंडी बसतच होते. कोणी लिहून ठेवत नव्हते, इतकेच.

या ग्रंथांपैकी एक आपल्या घरचा आहे. १२५१ साली, आल्फोन्सो राजपुत्र असतानाच, 'कलीला व दिम्ना' कॅस्टिलियनमध्ये आले. हे म्हणजे आपले पंचतंत्र. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने अरबीत आणले आणि तेथून ते स्पेनला पोचले. कलीला व दिम्ना म्हणजे आपले करटक व दमनक हे दोन कोल्हे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण सिंह आणि बैलाची मैत्री कोल्ह्याने कशी मोडली हे ती पाठ सांगत असे. तीच गोष्ट एका राजपुत्राने सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहवून घेतली, हे वाचताना मला काय वाटले असेल याची वाचकांनीच कल्पना करावी.

दार बंद झाले

टोलेडोचे वर्णन 'तीन संस्कृतींचे शहर' असे करतात. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ज्यूंच्या जुन्या वस्तीत पाहायला मिळते. सांता मारिया ला ब्लांका या वास्तूत पांढऱ्या खांबांवर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानींच्या रांगा आहेत. पाहणाऱ्याला ती मशीद वाटेल. प्रत्यक्षात ते ज्यूंचे प्रार्थनामंदिर होते आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याचे चर्च झाले. जवळच १३५७ च्या सुमारास सॅम्युएल हा-लेव्ही या राजाच्या खजिनदाराने बांधवलेले दुसरे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर हिब्रूबरोबर अरबी मजकूरही कोरलेला आहे. थोड्याच वर्षांत त्याच राजाने हा-लेव्हीला कैदेत टाकले आणि तेथे त्याचा छळाने अंत झाला.

१३९१ साली कॅस्टिलभर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. टोलेडोही त्यातून सुटले नाही. जीव वाचवण्यासाठी अनेकांनी धर्म बदलला. पण धर्म बदलूनही भागेना. १४४९ साली करावरून झालेल्या एका बंडात टोलेडोच्या बंडखोरांनी फर्मान काढले की, ज्यांचे पूर्वज ज्यू होते त्यांना, ते ख्रिस्ती झाले असले तरी, शहरात अधिकारपद मिळणार नाही. माणूस काय मानतो, काय जाणतो हा प्रश्न संपला आणि तो कोणाच्या पोटी जन्मला हा प्रश्न सुरू झाला. पोपने त्याच वर्षी याचा निषेध केला, तरी ही 'रक्तशुद्धी'ची कल्पना मेली नाही. १५४७ मध्ये टोलेडोच्या कॅथीड्रलनेच तसा नियम केला. आपल्या जातिव्यवस्थेला इंग्रजीत 'कास्ट' म्हणतात. तो शब्दही स्पॅनिश-पोर्तुगीज 'कास्ता'वरून आलेला आहे. या विषयावर आपल्या वाचकांना अधिक काही समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

१४९२ साली ज्यूंना देशाबाहेर काढण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत टोलेडोचाच आर्चबिशप सिस्नेरोस याने ग्रानाडा शहरात अरबी ग्रंथांची होळी केली. त्यातून वैद्यकाचे ग्रंथ मात्र बाजूला काढले. ज्या धर्मपीठाने अरबी ग्रंथ जवळ केले त्याच पीठावर बसलेल्या माणसाने ते जाळले. १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुसलमानांचीही हकालपट्टी झाली.

त्याच सुमारास, १६०५ मध्ये, सर्व्हान्टिसची 'डॉन किहोते' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदकाला टोलेडोच्या बाजारात एका मुलाकडे रद्दीत निघालेल्या अरबी वह्या मिळतात. त्या वाचायला तो एक धर्मांतरित मुसलमान शोधतो आणि काही मण बेदाणे व गहू या मोबदल्यात त्याच्याकडून भाषांतर करून घेतो. ही कल्पित कथा आहे. परंतु युरोपातल्या या थोर कादंबरीतही भाषांतर करणाऱ्याला नाव दिलेले नाही!

आपल्या वहीचे काय?

संध्याकाळी आमच्या सहलीचा शेवटचा थांबा होता टेकडीच्या माथ्यावरचा आल्काझार किल्ला. १९३६ च्या यादवी युद्धात तो वेढ्यात सापडून उद्ध्वस्त झाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. आज त्यात सैन्याचे संग्रहालय आहे. त्याच किल्ल्याच्या वरच्या भागात १९९८ पासून सार्वजनिक ग्रंथालय चालते. शिवाय १९९४ मध्ये तेथील विद्यापीठाने 'टोलेडोचे भाषांतर विद्यालय' या जुन्या नावानेच अरबी-स्पॅनिश भाषांतराची संस्था सुरू केली आहे.

आल्फोन्सोच्या पंडितांनी कॅस्टिलियनमध्ये ग्रंथ रचले त्याच शतकात, १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' आणि १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी', असे ग्रंथ मराठीत झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तो जोडण्याचा माझा हेतूही नाही. पण प्रश्न सारखाच होता, ग्रंथ पंडितांच्या भाषेत लिहायचा की घरातल्या माणसांच्या? संस्कृतात लिहिले तर साध्या बायाबापड्यांना ते कळणार नाही, म्हणून महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला होता.

हा प्रश्न माझ्यासारखीला आजही सुटलेला वाटत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे शिक्षण मराठीतून झाले आणि चांगले संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत. वर्गात काय घडते? सर इंग्रजी ग्रंथ उघडून परिच्छेद वाचतात, त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगतात आणि आम्ही तो वहीत उतरवून घेतो. बारकाईने पाहिले तर ही इब्न दाऊद आणि गुंदिसाल्वो यांचीच रीत आहे. सरांना इब्न दाऊद म्हटले म्हणून ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. फरक एवढाच, की गुंदिसाल्वोने लिहिलेले टिकले. आमच्या वह्या परीक्षा झाली की रद्दीत जातात. पुढच्या वर्षी सर तेच पुन्हा समजावून सांगतात आणि नव्या मुली तेच पुन्हा लिहून घेतात. मराठीत शास्त्र सांगता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी आमच्या एखाद्या तासाला येऊन बसावे. ते रोज सांगितले जाते, पण लिहून ठेवले जात नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक सूचना करते. द्वितीय व तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एका इंग्रजी प्रकरणाचा सारांश आपल्या मराठीत लिहावा. आपापल्या विषयाच्या प्राध्यापकांनी तो तपासावा आणि ती वही ग्रंथालयात जमा व्हावी. पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव असावे आणि ज्यांनी समजावून सांगितले त्यांचेही असावे. चुका होतील. 'ज्या'चा खिसा झाला तसे आमचेही होईल, आणि पुढचे विद्यार्थी ते दुरुस्त करतील. आमच्या चौघींनी प्रत्येकी एक प्रकरण निवडले आहे. टोलेडोच्या भाषांतरकारांवरचे माझ्या वाट्याला आले असून त्याची वही या सत्राच्या अखेरीस ग्रंथालयात ठेवली जाईल.